पिट-रिव्हर्सच्या दोन संग्रहांची तुलना करताय? आधी हे बघा

आकडे मांडायची घाई करू नका. ऑक्सफर्डला १८८४ मध्ये दिलेला संग्रह आणि नंतर इंग्लंडच्याच डॉर्सेट परगण्यातल्या फार्नहॅमला मांडलेला दुसरा, दोन्ही एकाच माणसाचे: एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश सेनाधिकारी आणि पुरातत्त्वज्ञ पिट-रिव्हर्स याचे. पण खिसा एक नाही. १८८० मध्ये मोठी इस्टेट वारशाने मिळाली, त्याचं आडनाव लेन फॉक्सचं पिट-रिव्हर्स झालं आणि खरेदीचा हात सैल सुटला.

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन राज्याच्या (आजच्या नायजेरियातल्या) पितळी वस्तूंचंच घ्या. १८९७ च्या ब्रिटिश मोहिमेत त्या लुटून आणल्या गेल्या. पहिल्या संग्रहात त्या दिसल्या नाहीत म्हणून 'आवड बदलली' असा निष्कर्ष काढलात तर फसाल; तेव्हा त्या बाजारातच नव्हत्या!

प्रकाराच्या नावावर विसंबू नका. एकीकडे 'गदा', दुसरीकडे 'सोटा', वस्तू तीच. आकार, साहित्य, वापर असे तीन रकाने वेगळे ठेवा. मी एकच ठेवला होता, सगळं पुन्हा भरावं लागलं. आणि नोंद म्हणजे नग नव्हे, एका नोंदीत बारा बाणही असू शकतात.

दुसरा संग्रह पुढे विकला जाऊन विखुरला. तेव्हा प्रत्यक्ष वस्तूंमागे न धावता केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातले त्याच्या सूचीचे नऊ खंड धरा. त्यांत चित्रं आहेत, किमतीही.