दत्तक आणलेली कुत्री तीन दिवस पलंगाखालीच बसून आहे, खात नाही. आमचं काही चुकतंय का?

आधी ती पाणी पितेय का ते बघा. तुमच्यासमोर पिणार नाही. रात्री झोपताना भांड्यात पाणी कुठवर आहे तिथे खूण करून ठेवा. आमची ठमी आली तेव्हा दोन दिवस तिने भांड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास अंधारात लप् लप् आवाज आला. मी हललेसुद्धा नाही. सकाळी भांडं रिकामं आणि ठमी पुन्हा पलंगाखाली, जसं काही झालंच नाही.

पण तीन दिवस पोटात खरंच कणभरही गेलं नसेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा. पाणीही बंद असेल, उलट्या-जुलाब असतील किंवा ती पिल्लू असेल, तर मुळीच थांबू नका.

माझी चूक सांगते. पहिल्याच दिवशी मी तिला पाय धरून बाहेर ओढायला गेले. चावली नाही बिचारी, पण जागच्या जागी लघवी झाली तिला. पुढे आठवडाभर माझा हात दिसला की भिंतीला चिकटायची. म्हणजे ओढून मी आठवडा वाया घालवला.

मग रोज पलंगापासून चार हातांवर, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसू लागले. टक लावून बघणं, वाकून डोक्यावर हात फिरवणं ही आपली माया. घाबरलेल्या कुत्र्याला ती धमकी वाटते. खाऊचा तुकडा मागे टाकायचा आणि वळून बघायचं नाही. (हे फार जड जातं.) नवव्या दिवशी कोपराला गार, ओलं नाक लागलं.

तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची घडी कळायला, तीन महिने रुळायला, असा एक ढोबळ हिशेब कुत्री पाळणारे सांगतात. ठमी पहिल्यांदा भुंकली तीच पाचव्या आठवड्यात! तोवर आम्हाला ती मुकी वाटत होती. पाहुण्यांना तेवढं इतक्यात बोलावू नका.

आणि दार सांभाळा. बावरलेलं कुत्रं फटीतून सुसाट सुटतं, गळपट्टा तर मान मागे खेचली की निसटतो. डॉक्टरांकडे नेतानाही अंगाला नीट बसणारा हार्नेस घाला.