इंग्रजी यंत्रशब्द लात्व्हियनमध्ये नेताना : वाचकांचे प्रश्न

(लात्व्हियन ही लात्व्हिया या देशाची भाषा, ती रोमन लिपीत लिहितात. इथे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. त्यांतला ज ‘जागा’तला, च ‘चमचा’तला आणि झ ‘ब्राझील’मधला समजावा.)

प्रश्न : आमच्या कारखान्यातले पंप आणि गिअरबॉक्स आता लात्व्हियातल्या रीगाला जाणार आहेत. पुस्तिका लात्व्हियनमध्ये हवी आहे. इंग्रजी पार्टनावांची यादी आमच्याकडे तयार आहे. ती अनुवादकाला दिली की पुरे ना? — चाकण

नुसती यादी दिलीत तर पुस्तिकेत चुका येणारच, मग अनुवादक कितीही चांगला असो. ‘गिअर’ हा एकच शब्द घ्या. दात असलेले चाक म्हणायचे असेल तर लात्व्हियनमध्ये ‘झुओब्रत्स’, म्हणजे अक्षरशः दातांचे चाक. गाडीचा पहिला-दुसरा गिअर म्हणजे ‘पार्नेसुम्स’. गाडीची गिअरबॉक्स ‘पार्नेसुमकार्बा’, पण विजेच्या मोटारीचा वेग उतरवणारी कारखान्यातली गिअरबॉक्स ‘रेदुक्तोर्स’. तुमच्या उत्पादनासाठी हा शेवटचा शब्द लागेल. यादीत नुसते ‘गिअरबॉक्स’ वाचून अनुवादक गाडीचा शब्द घालून मोकळा होईल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

‘ड्राइव्ह’ तर याहून निसरडा आहे. यंत्राला गती देणारी एकूण व्यवस्था म्हणजे ‘पिएजिन्या’. पट्ट्याने किंवा चेनने गती पुढे नेणारी रचना म्हणजे ‘पार्वद्स’. पॅनेलमधला, मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह मात्र ‘फ्रेक्वेन्चेस पार्वेइदुओताय्स’. ‘की’चेही तसेच. शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) खाचेत बसणारी की ‘इएरिएविस’, पॅनेलवरचे बटण ‘तौस्तिन्श’ आणि कुलपाची किल्ली ‘अत्स्लेगा’. पान्यालाही हाच शेवटचा शब्द लागतो : ‘उझग्रिएझन्यू अत्स्लेगा’, नटांची किल्ली. शाफ्टच्या कीसाठी ‘अत्स्लेगा’ छापले गेले, तर सुटे भाग मागवणारा माणूस पाना मागवेल.

म्हणून यादीला चार रकाने करा : पार्ट क्रमांक, इंग्रजी नाव, हा भाग काय काम करतो ते एका साध्या वाक्यात, आणि ड्रॉइंगमधला त्याचा क्रमांक. शेजारी एक्सप्लोडेड ड्रॉइंग, म्हणजे सगळे भाग सुटे मांडून दाखवणारे चित्र, जोडा. तिसऱ्या रकान्याचा कंटाळा करू नका, शब्द ठरतो तो त्यावरून. सगळी पुस्तिका हातात घेण्याआधी यादीतले लात्व्हियन शब्द ग्राहकाच्या मेंटेनन्स विभागाकडून तपासून घ्या. ‘वायसर’साठी पुस्तिकेत ‘पप्लाक्स्ने’ लिहितात, तिथल्या वर्कशॉपमध्ये ‘शाइबा’ ऐकू येईल. छापायचा तो पहिला.

प्रश्न : इंग्रजीत ‘रिमूव्ह’ एकच असते, पण आमच्या लात्व्हियन मसुद्यात दर ओळीला वेगळे क्रियापद आहे. एकसारखेपणासाठी एकच ठेवावे का? — पिंपरी

अजिबात नाही. तो मसुदा समजून केलेला दिसतो, त्याला धक्का लावू नका.

लात्व्हियनमध्ये क्रियापदाच्या आधी लागणारा उपसर्ग हालचालीची दिशा सांगतो. ‘नुओन्येम्त’ म्हणजे एखाद्या गोष्टीवरून काढणे. ‘इझन्येम्त’ म्हणजे आतून बाहेर काढणे. कव्हर काढताना पहिले, हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, पोटातला भाग काढताना दुसरे. स्क्रूचीही अशीच जोडी : ‘इएस्क्रूवेत’ आत पिळणे, ‘इझ्स्क्रूवेत’ पूर्ण बाहेर काढणे. ‘अत्स्क्रूवेत’ पिळून सोडवणे, ‘पिएस्क्रूवेत’ पिळून एखाद्या भागाला पक्के करणे.

बेअरिंगच्या बाबतीत हा फरक पैशांत मोजावा लागतो. शाफ्टवर घट्ट बसलेले बेअरिंग काढायचे तर पुलरचा (ओढून काढायच्या अवजाराचा) जोर आतल्या रिंगवर हवा. हाउसिंगमध्ये घट्ट बसलेले असेल तर बाहेरच्या रिंगवर. उलटे केले की सगळा जोर गोळ्यांतून जातो, रेसवर, म्हणजे गोळ्या ज्या खाचेतून फिरतात तिच्यावर, खळगे पडतात, आणि पुन्हा बसवल्यावर ते बेअरिंग थोड्याच दिवसांत आवाज करू लागते. ‘रिमूव्ह द बेअरिंग’ या इंग्रजी वाक्यात ते कशावरून काढायचे हे सांगितलेलेच नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याने ते चित्रावर सोडले. लात्व्हियन अनुवादकाला मात्र ‘नुओ’ की ‘इझ’ यांतले एक निवडावेच लागते. त्याला चित्र मिळाले नाही तर तो अंदाज करणार. तेव्हा आधी इंग्रजी वाक्य नीट करा : ‘बेअरिंग शाफ्टवरून काढा’ किंवा ‘बेअरिंग हाउसिंगमधून काढा’. उरलेल्या पुस्तिकेतली ‘रिमूव्ह’, ‘इन्स्टॉल’, ‘रिलीज’ आणि ‘अॅडजस्ट’ ही चार क्रियापदे याच नजरेने चाळा.

प्रश्न : शब्दसूची संगणकात भरली आहे, तरी मजकुरात बेअरिंग आणि पंप हे शब्द वापरल्याचे सॉफ्टवेअर दाखवत नाही. अनुवादकाने दुसरे शब्द वापरलेत का? — पुणे

बहुधा नाही, शब्द तेच असतील. मराठीत ‘घोडा’चे ‘घोड्याचा’ होते तसे तिथेही विभक्तीत शब्दाचे अंग बदलते. बेअरिंग ‘गुल्त्निस’, पण बेअरिंगचा म्हणताना ‘गुल्त्न्या’. पंप ‘सूक्निस’, पंपाचा ‘सूक्न्या’. नट ‘उझग्रिएझनिस’, नटाचा ‘उझग्रिएझन्या’, आणि इथे न बरोबर झचे रोमन अक्षरही बदलते, देवनागरीत ते दिसत नाही. सूचीत पहिलेच रूप असेल तर अक्षरशः जुळणी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला दुसरे सापडत नाही.

पार्टनावांच्या साखळीत तर षष्ठीची रूपेच जास्त येतात. ‘ऑइल पंप ड्राइव्ह शाफ्ट बेअरिंग’ याचे होते ‘एल्यास सूक्न्या पिएजिन्यास वार्प्स्तास गुल्त्निस’, म्हणजे तेलाच्या पंपाच्या ड्राइव्हच्या शाफ्टचे बेअरिंग. क्रम इंग्रजीसारखाच राहतो, पण शेवटचा शब्द सोडून सगळे षष्ठीत जातात. म्हणून सूचीत प्रत्येक नामाची निदान तीन रूपे भरा : एकवचनी प्रथमा, एकवचनी षष्ठी, अनेकवचनी षष्ठी. पार्टलिस्टमध्ये लागतात ती मुख्यतः हीच. सूचनांच्या वाक्यांत द्वितीयाही लागते, ‘बेअरिंग काढा’ म्हणताना ‘गुल्त्नि’.

प्रश्न : यंत्राच्या स्क्रीनवर ‘इतके स्क्रू बाकी’ असा संदेश येतो, आकडा प्रोग्राम भरतो. त्यासाठी एकवचन आणि अनेकवचन अशी दोन रूपे पुरतील? — नाशिक

इंग्रजीचा नियम तिथे लावू नका. लात्व्हियनमध्ये 1 बरोबरच 21, 31, 101 यांनाही एकवचन लागते : 21 ‘स्क्रूवे’, 22 ‘स्क्रूवेस’. 11 मात्र एकवचनात जात नाही. त्याशिवाय 0, 10 ते 20, 30, 40 अशा संख्यांसाठी सॉफ्टवेअरच्या प्रमाणित भाषामाहितीत तिसरा गट धरला आहे, कारण तिथे अनेकवचनी षष्ठीही येऊ शकते. प्रोग्रामरला तीन जागा ठेवायला सांगा. जमत नसेल तर संदेशच बदला : आधी ‘बाकी स्क्रू’, मग अपूर्णविराम (:), मग आकडा. आकड्याचा शब्दाशी संबंध तुटला की प्रश्न मिटतो.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक फार महत्त्वाचे. लात्व्हियात दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तुमच्या इंग्रजी पुस्तिकेतले ‘1,250’ तसेच राहिले तर तिथला फिटर ते सव्वा वाचेल. ते 1250 असे सलग लिहा, आणि 0.5 मिलिमीटर असेल तिथे 0,5 करा. टॉर्क (पिळण्याचा जोर) फूट-पाउंडात असेल तर न्यूटन-मीटरमध्ये द्या : 25 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 34 न्यूटन-मीटर. टॉर्कला तिथे ‘ग्रिएझेस मोमेन्त्स’ म्हणतात.

प्रश्न : लात्व्हियन पुस्तिका कायद्याने लागतेच का? इंग्रजी तर तिथे अनेकांना येते. — कोल्हापूर

लागते. लात्व्हिया 1 मे 2004 पासून युरोपीय संघात आहे आणि तिथे यंत्रांसाठी 2006/42 हा निर्देश लागू आहे. यंत्र ज्या देशात विकायचे त्या देशाच्या अधिकृत भाषेत सूचना द्याव्या लागतात. भाषांतर असेल तर त्यावर ‘मूळ सूचनांचे भाषांतर’ असे तिथल्या भाषेत लिहावे लागते आणि मूळ पुस्तिकाही सोबत द्यावी लागते. उत्पादकाने नेमलेल्या खास तंत्रज्ञांनीच वापरायच्या देखभाल-सूचनांना सवलत आहे, त्या त्यांना समजणाऱ्या संघाच्या एका भाषेत चालतात. 20 जानेवारी 2027 पासून या निर्देशाची जागा 2023/1230 हा नियम घेईल. त्यात सूचना डिजिटल स्वरूपात देता येतील, पण ग्राहकाने खरेदीच्या वेळी मागितल्यास कागदी प्रत विनामूल्य द्यावी लागेल.

शब्दांच्या खात्रीसाठी लात्व्हियन विज्ञान अकादमीच्या परिभाषा आयोगाचे शब्द आधी पाहा, मग युरोपीय संघाचा ‘इयाटे’ हा परिभाषासंग्रह.

प्रश्न : छपाईत लात्व्हियन अक्षरे बिघडतात. चिन्हे काढून साधी रोमन अक्षरे छापली तर? — ठाणे

चिन्हे काढू नका. दीर्घ स्वरावरची आडवी रेघ अर्थ बदलते : ‘काझास’ म्हणजे लग्न, ‘कझास’ म्हणजे शेळ्या. क, ग, ल, न यांची मृदू रूपेही चिन्हानेच कळतात, आणि वर पाहिले तसे विभक्तीत नेमके हेच चिन्ह येते.

बिघाड ओळखणे सोपे आहे. दीर्घ ‘आ’वर आडव्या रेघेऐवजी टोपी दिसत असेल, तर जुन्या बाल्टिक कोडपेज (अक्षरांच्या संकेतांचा तक्ता) 1257 मधली फाइल पश्चिम युरोपीय 1252 म्हणून उघडली आहे. फाइल पुन्हा 1257 म्हणून उघडा आणि यूटीएफ-8 या सर्व लिप्यांच्या संकेतात साठवा. चिन्हवाल्या अक्षरांच्या जागी चौकटी दिसत असतील तर दोष फॉन्टचा आहे. यंत्रावरच्या कोरीव पाटीसाठी खोदकाम करणाऱ्याला आधी चिन्हवाली अकराही अक्षरे, लहान आणि मोठी, एका ओळीत कोरून दाखवायला सांगा. लहान मृदू ‘ग’चे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर असते, क, ल, न यांचे खाली. कोरण्याच्या फॉन्टमध्ये गडबड झाली तर ती तिथेच दिसते.