गावच्या दगडी पुलाला सिमेंट लावावे का?

प्रश्न : आम्ही लालबाग-परळ भागात राहणारे, कोकणातील एका गावचे चाकरमानी आहोत. गावच्या ओढ्यावर काळ्या दगडाचा दोन कमानींचा जुना पूल आहे. सांध्यांत पिंपळ रुजले आहेत आणि कठड्याचे काही दगड ओढ्यात पडले आहेत. आमच्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून डागडुजी करायचे ठरवले आहे. सांधे सिमेंटने भरून वरून गिलावा केला की काम पक्के होईल, असे ठेकेदार म्हणतो. ते योग्य आहे का, आणि परवानगी लागेल का?
— मंडळाचे चिटणीस, परळ

उत्तर : सिमेंटचा बेत सोडून द्यावा. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटून उभा असतो आणि चुन्याचा सांधा किंचित मऊ असल्यामुळे ऊन, थंडी व वाहनांमुळे होणारी बारीक हालचाल तो सोसतो. आपला काळा दगड पाणी फारसे पीत नाही, म्हणून वरून झिरपणारे पाणी मुख्यतः सांध्यांतूनच बाहेर पडते; ती वाट सिमेंटने बुजवली, तर पुलाच्या पोटातील भराव पावसाळाभर चिंब राहून बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलू लागतो. गिलावा त्याहून वाईट, कारण पुढे पडणाऱ्या भेगा त्याखाली झाकल्या जातात.

सांधे चुन्यानेच भरावेत. कळीचा चुना विरवून, पुरेसा मुरवून, वाळू व सुरखी (विटांची भुकटी) यांसह चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेला असावा. सुरखीमुळे तो ओलसर जागीही धरतो. चुन्यात घालायच्या गूळ आणि बेलफळ यांची चर्चा लोक फार हौसेने करतात, पण चुना नीट मुरला आहे का आणि भरलेले सांधे ओल्या गोणपाटाखाली पुरेसे दिवस ठेवले आहेत का, याला माझ्या मते अधिक महत्त्व आहे. पिंपळ ओढून उपटू नयेत, मुळांबरोबर दगड हलतात. बुंधा कापून, ओढ्यात थेंबही जाणार नाही अशा बेताने, जाणकाराकडून ताज्या कापावर मूळ मारणारे औषध लावून घ्यावे.

तथापि, वर्गणीतला पहिला पैसा सांध्यांवर नव्हे, पायाच्या तपासणीवर खर्च व्हावा. दगडी पूल वरच्या ओझ्यापेक्षा पुराने पायाखालची माती खरवडून नेल्यामुळे अधिक वेळा पडतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला, हे आपल्या मंडळींना सांगायला नकोच. तुम्ही गणपतीला गावी जाताच. चुन्याच्या कामाला ते दिवस निरुपयोगी असले, तरी पाणी कोठून झिरपते, खांबांना कोठे भोवरा पडतो आणि पूर कोणत्या खुणेपर्यंत चढतो, हे पाहून छायाचित्रे काढण्यास त्यांच्याइतके चांगले दिवस नाहीत. प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापूर्वी संपवावे, कारण पुढच्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो.

परवानगी लागेल, पण मुंबईतल्यासारखी नव्हे. १९९५ ची वारसा नियमावली बृहन्मुंबईपुरती होती. तुमच्या गावाला तिचा संबंध नाही. पूल राज्य संरक्षित स्मारक असेल, तर १९६० च्या राज्य कायद्यानुसार पुरातत्त्व संचालनालयाकडे जावे लागेल. बहुतेक गावपूल तसे नसतात. तरीही मालक कोणीतरी असतोच. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून ग्रामसभेचा ठराव घेऊन तिच्या बांधकाम विभागाची लेखी संमती मिळवावी आणि जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा अहवाल अर्जासोबत जोडावा.

श्रमदान झाडोरा काढणे, गाळ उपसणे आणि नोंदी ठेवणे एवढ्यापुरतेच असावे. खालून आधार दिल्याशिवाय कमानीचा एकही दगड कोणी सैल करू नये. कठड्याचे पडलेले दगड मात्र, पाणी ओसरताच ओढ्यातून काढून, क्रमांक घालून देवळाच्या आवारात रचून ठेवा. एरवी ते कोणाच्या तरी बांधात जातील आणि तशा घडणीचे नवे दगड करून घेणे मंडळाला परवडणार नाही.