"घरा वतां" म्हणणाऱ्या सासूबाईंसाठी

फोंड्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, रोज दिवेलागणीला पिशवी भरून "घरा वतां", म्हणजे घरी जाते, म्हणत दारात उभ्या राहतात, गोळी चालू असूनही फरक नाही, मग थेरपी म्हणजे नेमकं करायचं काय, असं विचारलंयत. याच आजारात वडिलांचं सहा वर्षं केलं, त्यावरून सांगतो.

डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या गोळीने काहींना थोडे दिवस आधार मिळतो, पण आजार थांबत नाही. बाकीचं घरातच करायचं असतं. सुरुवातीला मी बाबांना पटवायला जायचो, "हेच आपलं घर, आई जाऊन दहा वर्षं झाली." दर वेळी त्यांना ती बातमी नवी. ढसाढसा रडायचे. मग मी वाद सोडला. "पाऊस येतोय बाबा, चहा घेऊन निघू" म्हणायचं, चपला घालून तुळशीपर्यंत फेरी मारायची आणि आत यायचं. बहुतेक दिवशी भागायचं. नाही भागलं तर फाटक धरून सोबत उभं राहायचं, दुसरं काय! घरातले दिवे मात्र अंधार पडायच्या आधीच लावा, सावल्यांनी माणूस जास्त बिथरतो.

माझं नाव विसरलेले बाबा गणेशचवथीला घुमट हे मातीचं वाद्य मांडीवर आलं की वेगळेच व्हायचे. उजवी बोटं चामड्यावर, डावा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करतोय, आणि आरतीचा एक शब्द चुकायचा नाही. पुढे आम्ही रोज साडेपाचलाच आरत्या सुरू केल्या. सासूबाईंना आबोलीची फाती, म्हणजे गजरा, करायला बसवा. वाकडी झाली तरी तीच माळा.

एकाएकी बिघडल्या तर आधी लघवी तपासा. आम्हाला "वयोमानाने होतं" असं सांगितलं गेलं, दहा दिवस फुकट गेले, निघाला संसर्ग. बी-12 आणि थायरॉईड झालं नसेल तर तेही करून घ्या.

आता तुमचं. गोव्यातच दोन तालुक्यांतल्या 81 कुटुंबांवर झालेली एक चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जाऊन माहिती द्यायचे, ऐकून घ्यायचे; तेवढ्याने सांभाळणाऱ्यांचा ताण कमी झाला. तेव्हा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात त्यांना दाखवायला न्याल तेव्हा स्वतःच्या झोपेबद्दलही बोला. रात्री अगदीच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा 14416 हा नंबर आहे. नणंद म्हापशाला असते म्हणालात, तिला महिन्यातले दोन रविवार ठरवून सांगा. मी बहिणीला वर्षभर "जमेल तेव्हा ये" म्हणत राहिलो. वार सांगितला, त्याच आठवड्यात ती आली.