मानधनापुढचं शून्य

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अनुदान-अर्जाचा खर्डा दोनदा वाचला. तंजावरहून वडोद्यात आलेल्या नर्तकींची गोष्ट पोलंडमधल्या क्राकूवच्या नाट्यसंस्थेबरोबर उभी करायची, हे मनापासून आवडलं. पण खर्चाच्या तक्त्यात ‘कलाकारांचं मानधन’ या ओळीपुढे तू शून्य टाकलंयस, तिथे मी अडलो. एकूण आकडा लहान दिसला की पैसे लवकर मंजूर होतील, असं तुला वाटलं असणार. नाही होत तसं. अर्ज तपासणाऱ्याला ते शून्य खटकतं, आणि खटकायलाच हवं.

तुझ्याच विषयात बघ ना. १८८० मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या घराण्यातल्या मुलीशी झालं आणि तिच्याबरोबर नर्तकी, वादक इथे आले. भाषा वेगळी, नाच वेगळा. तरी ती मंडळी इथे राहिली, कारण दरबाराने त्यांचे पगार बांधून दिले. कलावंत कारखाना नावाचं खातंच होतं संस्थानात, त्याला नियम होते, हिशेब होता. पुढे दरबारी गायक मौलाबक्षांच्या मुलाला महाराजांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला पाठवलं. अशा गावात बसून तू मृदंगवाल्याला फुकट वाजवायला सांगणार?

आता तुझ्या डोक्यात बसलेल्या ‘क्रिएटिव्ह युरोप’बद्दल, म्हणजे युरोपीय संघाच्या कला-संस्कृतीसाठीच्या अनुदान योजनेबद्दल. २०२१ ते २०२७ साठी त्यात सुमारे २.४४ अब्ज युरो आहेत, हे खरं. लहान सहकार्य प्रकल्पाला जास्तीत जास्त २ लाख युरो मिळतात, तेही खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत. उरलेले आपण उभे करायचे. त्याला तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्था लागतात, आणि त्या सहभागी देशांत भारत नाही. म्हणजे मुख्य अर्जदार क्राकूवची संस्था. तुमचं नाव फार तर सहयोगी म्हणून लागेल, आणि सहयोगी संस्थेला थेट अनुदान मिळत नाही. तेव्हा त्यांना आजच विचार: उरलेले दोन देश कोणते, आणि आमच्या कलाकारांचे पैसे कुठल्या रकान्यात धरलेत?

दुसरी वाट युनेस्कोची. सांस्कृतिक विविधतेच्या २००५ च्या करारात भारत आहे, आणि त्या कराराचा निधी विकसनशील देशांतल्या संस्थांना १ लाख डॉलरपर्यंत देतो. अर्ज आधी युनेस्कोसाठीच्या आपल्या राष्ट्रीय आयोगाच्या चाळणीतून जातो. तुला मी हीच वाट आधी तपासायला सांगेन, आणि त्याचं कारण माझ्या अंगावर शेकलेलं आहे.

२०१२ ची गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाला परदेशातल्या एका संस्थेने पैसे मंजूर केले. आनंदाच्या भरात आम्ही अकरा जणांच्या वेशभूषेचं कापड मंगळ बाजारातून उधारीवर आणलं, माप देऊन शिवायलाही टाकलं. मग सीएंनी विचारलं, “एफसीआरए आहे?” नव्हतं. एफसीआरए हा विदेशी देणग्यांचा कायदा; त्याखाली अशी देणगी घ्यायला केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी लागते किंवा त्या एका कामापुरती पूर्वपरवानगी. आमच्याकडे दोन्ही नव्हतं आणि वेळही नव्हता. पैसे आलेच नाहीत. कापडाचे हप्ते दोन वर्षं फेडले. त्या साड्यांच्या घड्या अजून माझ्या ट्रंकेत आहेत.

आता नियम आणखी कडक आहेत. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं चालू हवी, त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले दिसायला हवेत, आणि पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. संयुक्त राष्ट्रं आणि त्यांच्या संस्था मात्र या कायद्यात ‘विदेशी स्रोत’ धरल्या जात नाहीत, म्हणून युनेस्कोचं आधी बघ म्हटलं. क्राकूवने प्रयोगाची फी म्हणून करार करून पैसे दिले, तर त्याचा विचार देणगीपेक्षा वेगळा होतो. पण तो मसुदा सीएंना दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

रविवारी सकाळी घरी ये. संस्थेची ऑडिट झालेली तीन वर्षांची पत्रकं आण, आणि येण्याआधी मृदंगवाल्याला विचारून ये की एका प्रयोगाचे तो किती घेतो. तोच आकडा शून्याच्या जागी लिहू.

तुझा,
काका