दुर्बीण आधी कपाटातून बाहेर काढा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. केमिस्ट्रीत चांगले मार्क पडतात, फिजिक्स बेताचं. धूमकेतू कशाचे बनलेले असतात याचा अभ्यास करायचा म्हणते. आम्ही कॉम्प्युटर इंजिनीअरिंग ठरवलं आहे. परीक्षा होईपर्यंत तिची दुर्बीण कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. तिची समजूत कशी घालावी? – एक पालक, सांगली

उत्तर : मार्कांची मला काळजी वाटली नाही, कुलपाची वाटली. तुम्हीच पुढे लिहिलं आहे की ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू दिसत होता, तेव्हा ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्याची जागा आणि शेपटीची लांबी वहीत टिपून ठेवायची. कुणी न सांगता नेमानं नोंदी ठेवणारी मुलगी तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही त्याला अभ्यासातला अडथळा म्हणता. ‘आम्ही ठरवलं’ हे शब्द पत्रात चारदा आलेत. तिचं म्हणणं जेमतेम एका ओळीत. समजूत तिची घालायची नाही, तुम्ही तिच्याशी बोलायचं आहे. दुर्बीण आजच परत द्या.

‘फिजिक्स कच्चं, मग हे जमणार कसं?’ असंही तुम्ही विचारलंय. धूमकेतूंचा अभ्यास म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावणं, हा समज सोडा. यातलं निम्मं काम केमिस्टचं आहे. युरोपचं रोझेटा यान 2014 मध्ये 67पी नावाच्या धूमकेतूपाशी पोचलं. त्यावरच्या रोझिना या उपकरणातल्या मास स्पेक्ट्रोमीटरांनी, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणाऱ्या यंत्रांनी, धूमकेतूतून निघणारा वायू तपासला. त्यात ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि फॉस्फरस सापडल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. दुर्बिणीतून पाहतानाही प्रकाशाचा वर्णपट काढून रेणू ओळखावे लागतात. धूमकेतूच्या डोक्याला हिरवी झाक येते ती दोन कार्बन अणूंच्या रेणूमुळे. अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेत तर निर्वात पात्रात, धूमकेतूत असतो तशा अतिथंड बर्फाचे थर तयार करून त्यांचे वर्णपट नोंदवतात. फिजिक्स लागतंच, नाही असं नाही. 67पीचं वस्तुमान यानाच्या वेगातल्या बारीक फरकांवरून काढलं, आकारमान फोटोंवरून, आणि घनता निघाली पाण्याच्या जेमतेम निम्मी. म्हणजे आतून तो बराचसा सच्छिद्र, भुसभुशीत. हा हिशेब तिला समजावून सांगा, मग बघा फिजिक्सचं पुस्तक ती स्वतःहून उघडते की नाही.

प्रवेशाचं थोडक्यात : आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची परीक्षा, भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा, नाहीतर सांगलीतच केमिस्ट्री घेऊन बीएस्सी आणि पुढे आयआयटीसारख्या ठिकाणी एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा.

पोटापाण्याचं विचारलंत, तेही स्पष्ट सांगतो. फक्त धूमकेतूंवर काम करणाऱ्या जागा देशात मोजक्या आहेत, पीएचडीशिवाय गत्यंतर नाही, आणि हे तिलाही आत्ताच कळायला हवं. पण जेआरएफ (संशोधनासाठीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पीएचडी करताना महिना 37,000 रुपये मिळतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटर चालवता येणाऱ्या केमिस्टची गरज औषध कंपन्यांनाही असते.