स्विचला आयपी ॲड्रेस आपोआप कसा मिळवून द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६० हा स्विच (कॉम्प्युटर तारांनी एकमेकांना जोडणारा डबा) आहे, राउटरची तार त्याच्या शेवटच्या गिगाबिट पोर्टला लावली आहे, आणि त्या पोर्टवर 'आयपी ॲड्रेस डीएचसीपी' (म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घे) टाइप केलं की स्विच एरर दाखवतो.

आज्ञा बरोबर आहे, जागा चुकली. २९६० हा लेअर २ चा स्विच आहे, म्हणजे तो मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच मिळणारा क्रमांक) बघून माहिती पुढे पाठवतो. त्याच्या पोर्टना आयपी देता येत नाही, मग ती वरची गिगाबिट पोर्ट का असेनात. आयपी मिळतो तो अख्ख्या स्विचला, आणि तो बसतो व्हीलॅन इंटरफेसवर (व्हीलॅन म्हणजे स्विचमधल्या पोर्टांचा एक गट). तुम्ही वेगळं काही केलं नसेल तर सगळी पोर्टं व्हीलॅन १ मध्येच असणार. म्हणून कन्सोल केबल (स्विचला थेट लॅपटॉपशी जोडणारी तार) लावा, पुटी या आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये सीरियलचा वेग ९६०० ठेवा आणि या आज्ञा क्रमाने द्या (अर्थात टाइप इंग्रजीतच करायच्या):

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
इंटरफेस व्हीलॅन १
आयपी ॲड्रेस डीएचसीपी
नो शटडाउन
एंड

मग थोडं थांबा. तार नुकतीच लावली असेल तर स्पॅनिंग ट्री (तारांचं वर्तुळ होऊ न देणारी स्विचमधली सोय) ते पोर्ट लगेच उघडत नाही, ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ असे ३० सेकंद जातात. तोवर स्विचची विनंती राउटरपर्यंत पोचतच नाही. बरेच जण नेमके याच वेळी घाबरून सगळं पुसून पुन्हा सुरुवात करतात. पत्ता मिळाला की कन्सोलवर स्विच स्वतःच सांगतो, की व्हीलॅन १ ला अमुक पत्ता दिला गेला.

खात्रीसाठी 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' द्या. व्हीलॅन १ च्या ओळीत पद्धत म्हणून डीएचसीपी आणि पुढे दोनदा 'अप' दिसलं की झालं. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसलं तर नो शटडाउन राहिलंय. पहिलं 'अप' आणि दुसरं 'डाउन' असेल तर व्हीलॅन १ मधलं एकही पोर्ट चालू नाही. तार तपासा, किंवा ते पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये गेलंय का ते बघा. दोन्ही 'अप' असूनही पत्ता 'अनअसाइन्ड' राहिला तर स्विचला दोष देण्याआधी त्याच पोर्टला लॅपटॉप लावा. त्यालाही आयपी मिळाला नाही तर गडबड राउटरकडे आहे. गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) काय मिळाला, पत्ता किती काळासाठी मिळाला (यालाच लीज म्हणतात), हे 'शो डीएचसीपी लीज'मध्ये दिसतं.

इथवर सोपं आहे. पण माझ्या मते तुम्हाला नुसता आपोआप मिळणारा पत्ता नकोच आहे. तुम्हाला दर वेळी तोच पत्ता हवाय. स्विच महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही, आणि ज्या दिवशी उघडायची वेळ येते त्या दिवशी लॅब बंद पडलेली असते. तेव्हा त्याचा आयपी शोधत कोण बसणार? म्हणून राउटरवर त्याच्या नावाने पत्ता राखून ठेवा.

यात सिस्कोची एक खोच आहे. पत्ता मागताना हा स्विच आपली ओळख म्हणून साधा मॅक ॲड्रेस पाठवत नाही. 'सिस्को', मग मॅक, मग इंटरफेसचं नाव अशी जोडलेली लांब ओळ पाठवतो. फक्त मॅक बघणारे साधे राउटर याकडे दुर्लक्ष करतात, तिथे काही अडत नाही. पण विंडोज सर्व्हर किंवा सिस्कोचा राउटर ही ओळखच बघतो. तुम्ही मॅक टाकून पत्ता राखलेला असतो, आणि स्विच खुशाल दुसराच पत्ता घेऊन बसतो. सिस्कोच्या राउटरवर बाइंडिंगच्या (कोणाला कोणता पत्ता दिला त्याच्या) यादीत ००६३.६९७३ ने सुरू होणारी लांबलचक नोंद दिसली की समजायचं, हेच झालंय. उपाय एका ओळीचा: व्हीलॅन १ मध्ये जाऊन 'आयपी ॲड्रेस डीएचसीपी क्लायंट-आयडी व्हीलॅन १' द्यायचं, आणि इंटरफेस एकदा शटडाउन करून पुन्हा चालू करायचा. हे कन्सोलवरूनच करा. टेलनेटने (म्हणजे नेटवर्कवरून) आत शिरून व्हीलॅन बंद केलात तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड.

राखून ठेवायचा मॅक डब्यावरच्या स्टिकरवरून घेऊ नका. व्हीलॅनचा मॅक शेवटच्या आकड्यांत वेगळा असू शकतो, तो 'शो इंटरफेसेस व्हीलॅन १'मधून घ्या.

शेवटी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की केलेलं सगळं गेलं. यात मिळालेला पत्ता साठत नाही, 'डीएचसीपीकडून घे' एवढंच साठतं.

आणि राउटर बंद पडला तर लॅब बंद पडेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. स्विचपुरतं उत्तर: नाही. त्याचा स्वतःचा आयपी फक्त तुम्हाला त्याच्यात शिरण्यासाठी लागतो. एका कॉम्प्युटरची फाइल दुसऱ्याकडे पोचवायला तो लागत नाही. लीज संपली की स्विचचा पत्ता जाईल, पण दिवे लुकलुकत राहतील. मुलांच्या कॉम्प्युटरनाही त्याच राउटरकडून आयपी मिळत असतील, तर त्यांच्या लीजचं काय ते मात्र वेगळं बघावं लागेल.

दुसऱ्या खोलीतला छोटा स्विच ब्राउझरमधून चालणारा असेल तर यातलं काहीच टाइप करावं लागणार नाही. त्याच्या आयपी सेटिंगमध्ये डीएचसीपी निवडायचं की झालं. तो डी-लिंकचा असेल तर पहिल्यांदा बहुधा १०.९०.९०.९० वर भेटेल, म्हणून लॅपटॉपला तेवढ्यापुरता १०.९०.९०.१ देऊन आत जा.